बांधावरचा मुद्देमाल

ती घटना आजही आठवते आणि माझं मलाच हसू येतं. दौंड तालुक्यात मी नवा फौजदार होतो. अमली पदार्थांचं प्रशिक्षण घेऊन आलो होतो आणि गांजाच्या पानाचं मोठं चित्र ठाण्याच्या भिंतीवर लावलं होतं. आठच दिवसांत एक परप्रांतीय कामगार त्यापुढं थबकला. "साब, ये पत्ता तो पाटस के पास एक खेत में है," म्हणाला.

स्टेशन डायरीत नोंद केली. हवालदार, दोन पंच, वजनकाटा, सीलची लाख घेऊन निघालो. बाजरीच्या कडेनं पुरुषभर उंच झाडं, पानं हुबेहूब चित्रातली. मी मनातून पार खूश.

शेताचे मालक साठीचे आबा. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीला बघायला शिरूरचे पाहुणे येणार होते. दारात पोलिसांची जीप बघून तिची आई रडायलाच लागली.

"कोण खातं हे?" मी आबांना दरडावलं.

"आमी समदीच. उरलं तर दौंडच्या बाजारात इकतो."

आयतीच कबुली. "लिहा पंचनामा," मी म्हणालो. हवालदार पेनाचं टोपण काढीना.

तेवढ्यात लेक ताटलीत भाकरी आणि भाजी घेऊन आली. "सायेब, आधी खाऊन बघा, मग आबांना न्या. अंबाडी हाय ती."

घास घेतला. आंबट, वर लसणाची फोडणी. मी हवालदाराकडं पाहिलं.

"मला ठाऊक होतं, साहेब. तुम्ही विचारलं कुठं?"

सगळे हसले. मी खजील झालो. पण जीप आख्ख्या गावानं पाहिली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत जाऊन पाहुण्यांना माझी फजिती मीच सांगितली. हसता हसता सोयरीक जुळली.

गांजा खुला करावा का, यावर आता टीव्हीवर वाद घालतात. नशेनं बसलेली घरं मी पाहिलीत, त्यामुळं सगळं खुलं करा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण या कायद्यात जामीन सहज मिळत नाही आणि तपासणीचा अहवाल यायला महिने लागतात. मी सही केली असती तर आबा भाजीपायी तुरुंगात बसले असते आणि लेकीचं लग्न जुळलंच नसतं. बंदीची किंमत कोण भरतं, ते मला आबांच्या ओट्यावर कळलं. चित्र मी तेव्हाच उतरवलं आणि हवालदाराला आधी विचारायला लागलो.

लग्नाला गेलो होतो. पंगतीत नवरी स्वतः अंबाडीचं पातेलं घेऊन माझ्यापुढं आली.

"वाढू का सायेब, का आधी पंच बोलवू?"