भावाची रायफल

त्याचं नाव मी विचारलंच नाही. व्हिक्टोरियातल्या टार्निटहून नवी गाडी घेऊन आम्ही ॲडलेडला निघालो होतो. साउथ ऑस्ट्रेलियाच्या सीमेआधी फळं टाकायचा डबा असतो, कारण फळमाशीच्या भीतीने पलीकडे साधं संत्रंही नेऊ देत नाहीत. मी संत्री टाकत होतो, तेव्हा शेजारच्या पिकअपमधल्या म्हाताऱ्याने माझ्या बंपरकडे बोट दाखवलं.

"मेट, ते लिंबूही चालणार नाही."

नजर लागू नये म्हणून बायकोने बांधलेलं लिंबू मी सोडलं, आणि वर बघतो तर त्याच्या मागच्या सीटवर ब्लँकेटमधून रायफलची नळी बाहेर आलेली. आजाऱ्याला पांघरूण घालावं तसं त्याने ब्लँकेट सारखं केलं.

"भावाची आहे. व्हिक्टोरियात एकटाच शेती करतो. बायको गेल्यापासून फोनवर मरणाच्याच गोष्टी. म्हणून सकाळी उचलून आणली."

"परमिट?" व्हिसावर जगणारा माणूस मी, मला आधी कागदच आठवतो.

"माझ्याकडे नाही. त्याच्याकडे आहे, रीतसर. ही त्याच्या घरात होती तोवर सगळं कायद्यात बसत होतं."

बोलता बोलता तो सारखा भावाला फोन लावत होता. स्पीकरवर रिंग वाजून थांबायची. तो चष्मा पुसायचा आणि पुन्हा तोच नंबर दाबायचा. पाचव्यांदा रिंग थांबली, तेव्हा त्याने चष्मा पुसला नाही. पिकअप वळवली आणि आला होता त्याच रस्त्याने भरधाव परत गेला.

लिंबू माझ्या हातातच राहिलं होतं.