हरायला बसलेले काका

ते आले की आधी बोलायचे नाहीत. काउंटरवरच्या आमच्या राउटरला पालथा हात लावायचे, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा, आणि मग म्हणायचे, "गरम हाय ताई." स्वतःची तक्रार त्यानंतर.

निगडीला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं इंटरनेट कनेक्शनचं छोटं ऑफिस आहे. तक्रारी मी घेते. तुम्ही कधी अशा काउंटरवर बसला असाल तर तुम्हाला सांगायला नको, समोरचा माणूस भांडायच्या तयारीनंच येतो. नेट गेलं की लोकांना वाटतं, मीच रात्री जाऊन त्यांची वायर ओढून आले. त्यातही गेम खेळणारी मंडळी म्हणजे डोक्याला ताप. हरतात स्वतः आणि शिव्या आमच्या लाइनला.

हे काका कधी भांडले नाहीत. मूळचे लातूरकडचे, चाकणच्या एका कंपनीत पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या प्रेस शॉपच्या मेंटेनन्सला जन्म काढून रिटायर झालेले. बंद पडलेल्या वस्तूवर चिडून उपयोग नसतो, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. त्यांचं एकच पालुपद, "मशीन खोटं बोलत न्हाई. सेटिंग बघा."

पहिल्यांदा आले ते म्हणाले, "गेम लागेना गेलाय. मधेच तुटतंय."

मला वाटलं, नातवानं पिटाळलं असणार. "कोण खेळतं, काका?"

"मीच की."

मी वर बघितलं. पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. खोटं बोलणारा चेहरा नव्हता.

आमचा माणूस घरी पाठवला तर तो हसतच परत आला. काकांनी राउटरला धूळ लागू नये म्हणून तो स्टीलच्या डब्यात ठेवला होता, झाकण लावून. गरम होईल म्हणून झाकणाला एकसारखी भोकं पाडलेली, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. मशीनला कव्हर हवंच, हा कंपनीतला नियम. मी म्हटलं, "काका, डब्यातून रेंज बाहेर कशी यायची?" त्यांनी मान हलवली. "चूक आमची. सेटिंगच चुकलं." डबा निघाला, गेम लागला.

मग ते अधूनमधून यायला लागले. कधी सर्व्हर लांबचा निवडलेला, कधी अपडेट राहिलेलं. बेटावर उतरायचं, बंदुका शोधायच्या आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं, असा तो गेम. या वयात हे खूळ कुठून शिरलं, मला कळेना. एकदा विचारलंच.

मुलगा बेंगळुरूला होता. काकांनी शब्द टाकून त्याला चाकणला कायम नोकरी लावली, आणि त्यानं ती न विचारता सोडली. त्यावरून बोलाचाली झाली. "मीच जास्त बोललो," काका म्हणाले. तेव्हापासून मुलगा फोन करायचा तो आईला. बापाची चौकशी आईकडून, बापाचा निरोपही आईकडून. दर रविवारी दुपारी तो मित्रांबरोबर हा गेम खेळतो, हेही तिच्याकडूनच कळलं. काका म्हणाले, "फोनवर काय बोलावं सुचत न्हाई ताई. खेळताना तर बोलावंच लागतंय."

मी उगाच कीबोर्ड पुसत बसले.

आता मुलासमोर लाज जायला नको म्हणून काकांनी सराव सुरू केला. आणि सराव कसा, तर ओव्हरटाइम लावल्यासारखा. सकाळी चहा झाला की बसायचे, जेवण झालं की बसायचे. प्रेसला नवीन डाय, म्हणजे साचा, लावली की ट्रायल घ्यायची, आणि ट्रायलला हयगय करायची नाही, हीच त्यांची सवय. मावशी, म्हणजे त्यांची बायको, एकदा ऑफिसात येऊन मला म्हणाल्या, "त्यांची लाइन कापूनच टाक बाई." मी हसले. काका मात्र गेमच्या रँकमध्ये वर वर चढत गेले.

मग एका सोमवारी आले ते राउटरला हात न लावताच उभे राहिले. मोबाइल पुढे केला. बाप खेळतोय हे आईकडून कळून मुलानं रविवारी पहिल्यांदाच गेममध्ये बोलावलं होतं. मेसेज एकाच शब्दाचा होता, "या." काकांनी लगेच बटण दाबलं आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिकडे मुलगा वाट बघून मित्रांबरोबर निघून गेला.

"त्याला वाटलं आसंल, मी मुद्दाम आलो न्हाई," ते म्हणाले.

मी लाइन तपासली. लाइन ठणठणीत होती. मग ती इंग्रजी अक्षरं नीट वाचली आणि मला हसावं का रडावं कळेना. "काका, तुमची रँक फार वर गेलीय. त्याची खाली आहे. एवढा फरक असला की गेम एका टीममध्ये घेत नाही."

लोक हरले म्हणून तक्रार करतात. जास्त जिंकल्याची तक्रार घेऊन आलेला हा माझा पहिलाच माणूस.

"साधा खेळ पण असतो काका, त्याला रँक लागत नाही. त्यालाच सांगा ना."

"त्यानं जिथं बोलावलंय तिथं जायचंय. त्यानं माझ्यासाठी बदलायचं न्हाई आता." मग विचारलं, "खाली यायला काय करायचं?"

"हरायचं."

ते बाकावर बसले. "म्हणजे मुद्दाम रिजेक्शन काढायचं, खराब माल," ते म्हणाले. "आयुष्यात केलं न्हाई ते."

पण केलं. घरी मावशींसमोर हरायला त्यांना अवघड वाटायचं, म्हणून दुपारी आमच्या बाकावर येऊन हरायचे. बेटावर उतरायचे आणि मैदानात नुसते उभे राहायचे. टीममधली अनोळखी पोरं मोबाइलमधून ओरडायची, "अंकल, खेलना नहीं आता तो आते क्यों हो?" काका म्हणायचे, "सॉरी बेटा," आणि पुढचा डाव लावायचे. मला फार वाईट वाटायचं. एकदा तर मोबाइल हिसकावून त्या पोरांना चार शब्द सुनावायला मी उठलेच होते. काकांनी हातानंच थांबवलं.

रविवारी आमचं ऑफिस दुपारपर्यंतच असतं. त्या रविवारी मी शटर अर्धं ओढून थांबले. काका म्हणाले होते, घरची लाइन चांगली आहे, पण आज रिस्क नको. बटण दाबलं. लाल अक्षरं आली नाहीत.

"अप्पा?" मोबाइलमधून आवाज आला.

"हां."

पावलांचे आणि गोळ्यांचे आवाज सुरू झाले. मग मुलगा म्हणाला, "तुमची रँक वर होती ना? गेल्या रविवारी बघितली होती मी. खाली कशी आली?"

"हरलो रे."

"एवढं? मुद्दाम?"

काकांनी मोबाइल दोन्ही हातांत नीट धरला. ते म्हणाले, "मला इथलं काय कळत न्हाई. तू सांग, कुठं थांबू?"

पलीकडे काही ऐकू येईना. मला वाटलं, गेली लाइन. मी राउटरकडे बघितलं, सगळे दिवे नीट लागलेले होते. मग आवाज आला. "माझ्या मागं थांबा, अप्पा. पुढं जाऊ नका."

"बरं," काका म्हणाले, आणि खरंच मागं थांबले. मी पाठ फिरवून शटरची किल्ली शोधायला लागले. किल्ली माझ्या हातातच होती.

त्यानंतर दर रविवारी ते घरूनच खेळायचे, तक्रारीला यायचं कारण उरलं नाही. एकदम आले ते राउटर परत करायला. स्टीलचा तोच डबा, आत राउटर, वायर नीट गुंडाळून. मुलानं दोघांना बेंगळुरूला राहायला बोलावलं होतं.

"लाइन बंद करा ताई. आता एकाच राउटरवर खेळायचंय."

मी म्हटलं, "रँक सांभाळा, काका."

"ती आता त्याच्याच मागं असती," ते म्हणाले. जाता जाता काउंटरवरच्या राउटरला पालथा हात लावला. "अजून गरमच हाय. पंखा लावा."

पंखा लावलाय. सकाळी ऑफिस उघडलं की कुणी बघत नाही असं बघून मीच त्याला पालथा हात लावते.