काकूचा डावा हात

सवाष्णीचा हात मोकळा ठेवायचा नाही आणि का ते विचारायचं नाही, हा आमच्या थोरल्या आत्यांचा नियम. मी डायलिसिस टेक्निशियन. दिवसभर लोकांचे हातच बघते. त्यात काकूच्या किडन्या थकल्या, आणि आमच्या घरात हातांचेच किस्से साचत गेले.

*

काकूच्या उजव्या हाताच्या शिरा सुया टोचून टोचून बाद झाल्या होत्या. म्हणून डॉक्टरांनी डाव्या मनगटात धमनी आणि शीर एकमेकींना जोडल्या. डायलिसिसच्या सुया आता इथूनच जाणार. मी घरी बजावलं, या हातावर बीपी नाही, वजन नाही, घट्ट काही नाही. रक्त गोठलं तर वाटच बंद.

आत्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मग बांगड्या कधी भरायच्या?"

"कधीच नाही."

"बघू की," म्हणाल्या.

*

काका एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला. हातावर दोरखंडासारख्या शिरा. रक्त खालून वर चढतं कसं, असं त्यांनी एकदा विचारलं. मी त्यांच्या मनगटाजवळ एक शीर बोटानं दाबून धरली आणि दुसऱ्या बोटानं तिच्यातलं रक्त कोपराकडे सारून ते बोट उचललं. शीर सपाट. वरचं रक्त खाली उतरेना.

"आत झडपा आहेत. एकाच दिशेला उघडतात." खालचं बोट उचललं, शीर टरारून भरली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळे एकमेकांचे हात धरून बसलेले. भांडण लागलं समजून मुकादम धावत आला!

*

शीर फुगावी म्हणून काकूला चेंडू दाबायला सांगितला होता. "चेंडू खेळायचं वय हाय व्हय माजं?" म्हणत तिनं नॅपकिनची गुंडाळी दाबायला घेतली.

शिरेची भिंत पातळ असते. तिच्यात धमनीचा जोर सोडला तर ती फाटायला हवी. काकूची शीर रुंद झाली. काही आठवड्यांत तिनं आपली भिंत जाड करून घेतली. कोर्सला मी हे पाठ करून मार्क मिळवले होते. हातावर बघितलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. घरात असं पहिल्यांदाच झालं, असं काका म्हणतात.

*

मग काकांनी स्टेथोस्कोप मागितला. काकूच्या डाव्या मनगटावर ठेवला, डोळे मिटले. "लूम चालू हाय की आत." थोड्या वेळानं विचारलं, "ह्याला सुट्टी कवा?"

"नसते."

स्टेथोस्कोप त्यांनी दोन्ही हातांनी परत दिला.

*

चुलतभावाच्या लग्नात कासार आला. काकूचा उजवा हात हिरवागार भरला. आत्यांनी डावा हात ओढला. "चार तरी भर. लोक काय म्हणतील?" कासारानं बांगड्या बोटांवर चढवल्या. काकू माझ्याकडे बघत होती.

मी मध्ये हात घातला.

"आत्या, का ते मी विचारत नाही. पण या हातात एकही बांगडी जाणार नाही."

"लई शिकलीस."

मी त्यांचा तळवा उचलला आणि काकूच्या मनगटावर ठेवला. तळव्याखाली काकांचा लूम थरथरत होता.

आत्यांनी हात काढला नाही. कासारानं बांगड्या उतरवून पुन्हा दोऱ्यात ओवायला घेतल्या.