हुसेनचाचांनी स्वतःची भिंत फोडायला दिली

लढाई सुरू झाली आणि सिमेंट जे बाजारातून गायब झालं ते गायबच. आमचे हे पुण्यातले सिमेंटचे नावाजलेले गवंडी, पण काम नाही म्हणून घरात बसून! अशात निरोप आला की भोर संस्थानात वेल्ह्याकडच्या एका देवळाची डागडुजी निघाली आहे, पण ती चुन्यात करायची. मुरलेले गवंडी हवेत, चुन्याचं काम भोरचे हुसेनचाचा शिकवतील, आणि शिकेल त्यालाच काम मिळेल. "या वयात धुळाक्षरं गिरवू?" हे कुरकुरले. मी म्हटलं, "गिरवा. मी येते भाकरी थापायला." खरं सांगायचं तर मला भोर बघायचं होतं.

पेट्रोल नाही, त्यामुळे मोटारी कोळशाच्या गॅसवर चालतात. गाडीच्या पाठीला धगधगती भट्टी, आणि कात्रजच्या चढावर ड्रायव्हर हुकूम सोडतो, "उतरा, ढकला!" भाडं पुरं घ्यायचं आणि वर ढकलायचंही आपणच! जाणार असाल तर जुनंच लुगडं नेसा, काजळी धुऊन जात नाही. कापूरहोळला चहा बरा मिळतो. भोरमध्ये आम्ही नदीकाठच्या धर्मशाळेत उतरलो. जागा स्वच्छ आहे, सरपण मात्र आपलं आपण आणायचं. आंबेमोहोर मिळाला तर सोडू नका. भात शिजला की शेजारचे डोकावून जातात.

दुसऱ्या दिवशी ह्यांची न्याहारी घेऊन मी चाचांच्या घरी गेले आणि दारातच थिजले. हे आणि पुण्याचेच आणखी तिघे गवंडी चाचांच्या आतल्या खोलीची भिंत पहारीनं फोडत होते! तुळयांना टेकू दिले होते आणि चाची अंगणात कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

"अगं बाई! हे काय चाललंय?" मी ओरडलेच.

ओट्यावर बसलेले चाचा शांतपणे म्हणाले, "ताई, भित आतनं कशी आसती ते बगितल्याबिगर कळंल कसं?"

"म्हणून स्वतःच्या घराची?"

"मंग काय शेजाऱ्याची फोडू? माझ्या बापानं बांदलेली हाय. हिच्यापरीस चांगली भित म्या तरी बगितली न्हाई."

"पोरगी म्हैन्याभरानं बाळंतपणाला यायची हाय ह्याच खोलीत!" चाची कडाडल्या. "सांगा की बाई तुमी तरी ह्यांना!"

मी काय सांगणार? दगड फुटत होता, पण चुना सुटत नव्हता. हे घामाघूम होऊन म्हणाले, "अगं, चुना कुठं संपतो नि दगड कुठं सुरू होतो, तेच कळत नाही." इतका मऊ आवाज मी लग्नातही ऐकला नव्हता.

मग नवा चुना मळायला घेतला. चुना दळायच्या घाणीला बैल जुंपला आणि चाचांनी त्यात गुळाचं पाणी ओतलं. रेशनच्या दिवसांत गूळ चुन्यात! माझा जीव तळमळला.

चाचांनी बजावलं होतं, "दिसाला हातभरच चढवा. खालचा चुना आवळला की मंगच वरचा थर." पण सिमेंटची सवय लागलेले हात ते! चाचा शुक्रवारी नमाजाला गेले आणि ह्या चौघांनी भिंत छातीला नेली. पोरगी यायच्या आत खोली उभी राहावी हाही हेतू होता, खोटं कशाला बोलू. सकाळी आम्ही दारात पोचलो तर भिंतीला पोट सुटलेलं, आणि डोळ्यांदेखत अर्धी भिंत धाडकन अंगणात आली. नशीब, कुणाला लागलं नाही.

"उतावळा नवरा न् गुडघ्याला बाशिंग!" चाची म्हणाल्या. हे पांढरेफटक पडले होते. "आपण पुण्याला जाऊ," मला म्हणाले, "मला काहीच येत नाही."

चाचांनी ऐकलं. "पडली त्ये बरं झालं. देवळाची पडली आसती तर? चला, आदी देऊळ तर बगा."

नसरापूरपर्यंत मोटार आहे, पुढे वेल्ह्याला बैलगाडी. घासाघीस करूनच बसा आणि घोंगडी विसरू नका, तोरण्याखाली थंडी हाडात शिरते. नाचणीची भाकरी आणि ठेचा मिळतो, तोही पोटभर. देवळाच्या भिंतीत पिंपळाची मुळं घुसली होती, तरी ती जुनी चुन्याची भिंत उभी होती. हे बराच वेळ तिच्यावर तळवा ठेवून उभे राहिले. परत जायची भाषा मग काढली नाही.

भोरला आलो तर चाचांच्या दारात बैलगाडी सोडलेली. त्यांची जैनब दिवस भरायच्या आधीच आली होती! खोलीला भिंत नाही आणि दिवाळीनंतरचं वारं सुटलेलं.

चौघांनी पुन्हा पायापासून घेतलं. आता मात्र हातभर म्हणजे हातभरच, वर ओलं गोणपाट. भिंत कमरेला आली आणि जैनबला कळा लागल्या. आम्ही बायकांनी चादरी बांधल्या. मी तिचा हात धरून बसले होते, आणि चादरीपलीकडे थापीचा आवाज. "हात थांबवू नगा," चाचा सांगत होते, "पन घाईबी करू नगा." हे नंतर म्हणाले, आत पोरगी ओरडत असताना सावकाश काम करण्याइतकं अवघड काम जन्मात केलं नव्हतं.

मुलगी झाली. चादर बाजूला केली तशी जैनब थकलेल्या आवाजात म्हणाली, "अब्बा, आजाची भित कुठं गेली?"

चाचांनी तोंड फिरवलं आणि ते ढसाढसा रडले. त्या माणसाला भिंतीचं काहीच वाटलं नाही, असं मी इतके दिवस धरून चालले होते. मग डोळे पुसून ते म्हणाले, "गेली, बाय. आता ह्या चौगांच्या हातात हाय, तितं बगायची."

ती भिंत उभी आहे. वेल्ह्याचं काम ह्यांना मिळालं. तुम्ही भोरला गेलात तर राजवाडा बघालच, पण मला आठवते ती कमरेइतकी भिंत आणि तिच्यावरचं ओलं गोणपाट. चाचांनी केलं ते बरोबर की वेडेपणा, हे मला अजून ठरवता येत नाही.

परवा इथं पुण्यात आमच्या आळीतला एक गवंडी आला, "मलाही चुन्याचं शिकवा" म्हणाला. हे लगेच हो म्हणाले. तो गेल्यावर मात्र जेवता जेवता थांबले.

"मी शिकवू कशावर?" म्हणाले. "जन्मभर लोकांची घरं बांधली. फोडायला आपली भिंत कुठाय?"

आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो. मालक भिंतीला खिळासुद्धा ठोकू देत नाही.