उन्हात ठेवलेली काच

दादांच्या किडनीचा शेवटचा तुकडा घेऊन मी पुण्याहून हैदराबादला निघाले होते. वाटेत एक रात्र पूर्णेजवळच्या आमच्या गावी उतरले. उतरायला नको होतं. पण आईला तोंड दाखवल्याशिवाय पुढं जायची माझी टाप नाही.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. जन्मभर ऊसतोडीला गेले. कंबर धरली की आई मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून द्यायची. मग किडन्या गेल्या आणि पाठोपाठ दादाही. तपासणीसाठी सुईनं काढलेला दोऱ्याएवढा तुकडा दवाखान्यानं आम्हाला परत दिला. साध्या मायक्रोस्कोपमधून त्यांना कारण काही सापडलं नव्हतं. तेव्हापासून आई एकच विचारत होती, "माझ्या गोळ्यानं गेले का गं?"

मी प्रयोगशाळेत काचपट्ट्या तयार करते. शास्त्रज्ञ वगैरे नाही. पण हैदराबादचं जास्त बारीक दाखवणारं मायक्रोस्कोपचं यंत्र काय करतं ते मला ठाऊक होतं. लांबून गावातले दिवे एकच उजेड वाटतात. एकेक दिवा लावून विझवला तर प्रत्येकाची जागा कळते. तसे त्या तुकड्याला चिकटवलेले रंगाचे रेणू थोडे थोडे करून चमकवायचे, हजारो फोटो घ्यायचे आणि त्यांतून किडनीतल्या रक्त गाळणाऱ्या बारीक जाळीचं चित्र उभं करायचं. सगळं उत्तर मिळालं नसतं कदाचित. थोडं तरी मिळालं असतं. या रंगांची एकच खोड. उजेडात ते जळतात आणि जळलेला रंग पुन्हा चमकत नाही. म्हणून तो तुकडा बसवलेली काच काळ्या डबीत ठेवून वरून चंदेरी कागद गुंडाळला होता.

"काय हाय गं ह्यात?" आईनं विचारलं.

"दादा हायेत," मी म्हणाले. उघडू नको, एवढं सांगायला काय धाड भरली होती मला?

सकाळी उठायला नऊ वाजले. डबी उघडी होती. काच अंगणात, आजारपणात दादा ज्या पोत्यावर बसायचे त्या पोत्यावर, लख्ख उन्हात. शेजारी त्यांची चहाची कपबशी.

"अंधारात कोंडून कशाला ठेवायलीस त्यायला?" आई म्हणाली. "ऊन लय आवडायचं. दिस उगवल्यापासून बसवलंय."

मी तशी तापट आहे. घरात भांडी आपटते, आईवर ओरडते. त्या दिवशी मात्र काच डबीत घातली आणि स्टेशन गाठलं. थोडा तरी रंग उरला असेल, असं सिकंदराबादेपर्यंत स्वतःला सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी यंत्र चालवणाऱ्यानं लेझर वाढवून पाहिला, जागा बदलून पाहिली. पडदा काळाच. "मॅडम, यात काही राहिलेलं नाही," तो म्हणाला. दुसरा तुकडा नव्हता. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडले.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"दिसलं का गं?"

"दिसलं," मी म्हणाले. "गोळ्यानं न्हाई गेले ते."

आई नाक ओढत म्हणाली, "दिसणारच की. चांगलं ऊन देल्तं मी त्यायला."