शिंगवाल्याची टक्कर

वसमतच्या बसस्टँडमागं व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं. तिथं 'चष्म्याची टक्कर' नावाचा एक वार फार गाजला होता. चष्मा म्हणजे मी. जाड भिंगांमुळं पोरं मला तेवढ्याच नावानं ओळखायची. तो वार मी शोधून काढला, असं तेव्हा सगळ्यांना वाटायचं आणि माझ्या वयाच्या काही जणांना अजूनही वाटतं. तो मी शोधला नव्हता. ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. तो वार माझ्या वहिनीचा होता.

दादाचं लग्न झालं तेव्हा मी अकरावीला होतो. दादा साखर कारखान्यात कामाला होता. त्यानं नांदेडहून माझ्यासाठी टीव्ही गेम आणला होता. टीव्हीला जोडायचा डबा, दोन रिमोट आणि मारामारीची एक कॅसेट. वहिनी डोंगरकड्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. दुपारी माय हळकुंडं निवडायला मोंढ्यात जायची, मी कॉलेजातून यायचो आणि डबा लावायचो. वहिनी शेजारी तांदूळ निवडत बसायची. आठवडाभर ती नुसती बघत होती. मग एक दिवस म्हणाली, "भाऊजी, ते दुसरं रिमोट रिकामंच हाय का?"

खेळात आठ पैलवान होते. प्रत्येकाचा एक शेवटचा वार असायचा. तो केव्हाही मारता यायचा नाही. आपल्या जिवाची पट्टी संपत आली, बोटभर उरून लाल व्हायला लागली, की तेवढ्यातच तो निघायचा. लागला तर समोरच्याची पट्टी भरलेली असली तरी तो आडवा. सात जणांचे वार आम्हा पोरांना ठाऊक होते. आठवा होता शिंगांचा टोप घातलेला, थोराड, मंद. त्याला कुणी घ्यायचंच नाही. त्याचा शेवटचा वार कुणाला सापडला नव्हता. दुकानात म्हणायचे, कंपनी टाकायलाच विसरली.

वहिनीनं पहिल्याच दिवशी त्याला घेतलं.

"ह्याला काहून घेतलं वैनी? ह्यो तर चालतबी न्हाई."

"आमच्या बाबाचा एडका असाच दिसायचा," ती म्हणाली. "तुमी खेळा हो. मी हरीन. माझं काय जातंय?"

ती हरली. दहा-बारा वेळा हरली. पण हरताना ती माझ्यासारखी बटणं बडवत नव्हती. पडद्याजवळ सरकून बघायची. मी विचारलं, काय बघून राहिल्या? म्हणाली, "त्याचे पाय. तुमी हातं बघता सगळ्यायची. जनावर पायानं सांगतं."

तिसऱ्या का चौथ्या दुपारी तिनं शिंगवाल्याला मागं घेतलं आणि मागचं बटण दाबूनच ठेवलं. मी समोरून मारत सुटलो. मागं धरल्यावर शिंगवाला वार अडवायचा, पण अडवलेल्या वारानंही पट्टी तीळ तीळ उतरायची. पट्टी लाल झाली. अशा वेळी आम्ही सगळे घाबरून बटण सोडायचो, उड्या मारायचो. तिनं सोडलं नाही. अंगठा जागचा हलला नाही. मग खाली, पुढं, आणि दोन्ही बटणं एकदम.

पडदा पांढरा झाला. शिंगवाला मान खाली घालून जो निघाला तो माझ्या पैलवानाला घेऊन पडद्याच्या त्या टोकाला जाऊन आदळला. टीव्हीतून एक घोगरा आवाज निघाला, दचकून मी रिमोट टाकलं. माझी पट्टी पाऊण भरलेली होती. ती सगळी गेली.

वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती. "बघा! एडका मारायच्या आधी मागं सरतोच. आन् मागं सरताना त्याला कितीबी डिवचा, तो पाय न्हाई सोडत. बाबा म्हणायचा, मागं सरला म्हनून भ्याला असं नका समजू, पोरंहो, आता पळा."

मला ती युक्ती नुसती कळून भागलं नाही. जमायला पंधरा दिवस लागले. मागं धरून उभं राहणं फार अवघड होतं. समोरून मार येतोय, पट्टी उतरतेय आणि अंगठा म्हणतोय सोड. वहिनीचा अंगठा कधी असं म्हणत नसावा. पट्टी लाल झाली की ती मोजायची. तोंडातल्या तोंडात, मेंढरं कोंडताना मोजतात तशी, दोन-दोननं. आठ झाले की सोडायची. दहाव्याला उशीर, सहाव्याला घाई. पुढं मी बरीच पोरं खेळताना पाहिली, नांदेडच्या कॉलेजातली तरबेज पोरंही. पण जीव बोटभर उरलेला असताना इतक्या निवांत बसलेला हात मी दुसरा पाहिला नाही.

दुकानात त्याच खेळाचं माणसाएवढं मोठं मशीन होतं. त्याबद्दल मी सांगायचो आणि ती ऐकायची. एकदा म्हणाली, "मला एकदाच मारू द्या ना त्याच्यावर. केवढा दिसत असंल शिंगवाला!" मी व्हय म्हणालो. दुकानवाल्यानं बाजाराच्या दिवशी स्पर्धा ठेवली, तेव्हा आम्ही बेत केला. तिनं मायला सांगायचं, बांगड्या भरायला जाते. मी तिला आत न्यायचं, स्पर्धा सुरू व्हायच्या आधी एक डाव खेळू द्यायचा. दुकानवाल्याला मी विचारूनही ठेवलं होतं. तो म्हणाला होता, आण की, त्यात काय.

म्हणजे अडचण कुणाचीच नव्हती. ती माझीच होती. स्पर्धा लवकर सुरू झाली, माझा नंबर आला, आणि मी शिंगवाला घेतल्यावर सगळं दुकान हसलं. मग तो वार निघाला. हसणं थांबलं. कुणीतरी ओरडलं, "आरे, हे काय काढलं बे चष्म्यानं?" पाठीवर थापा पडल्या. "कुठं शिकला रे?" आणि मी म्हणालो, "मीच काढला."

तेवढ्यात दाराजवळचा एक जण म्हणाला, "भाहेर कुणाची बाई उभी हाय? आत डोकावून राहिली."

मी बाहेर गेलो. दुकानाच्या दाराला लावलेल्या पडद्याबाहेर, रसाच्या गाड्याला टेकून वहिनी उभी होती. हातात बांगड्यांसाठीची पिशवी. आता हिला आत नेलं, हिनं एक डाव खेळला, तर सगळ्यांना कळणार. मी म्हणालो, "वैनी, मशीन बिघडलं. आज बंद हाय."

मी हे बोलत असताना आत कुणीतरी माझं पाहून शिंगवाला घेतला असावा. नशिबानं त्याचा वारही निघाला असेल. दाराच्या पडद्यामागून तो घोगरा आवाज आला, टीव्हीतल्यापेक्षा दहापट मोठा. वहिनीनं तो ऐकला. पडद्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"बरं," ती म्हणाली. आणि बांगड्या भरायला गेली.

संध्याकाळी चार पोरं माझ्यासोबत घरी आली, ओरडतच. "वैनी, तुमच्या दिरानं मैदान मारलं! कुणाला ठावं नसलेला वार काढला ह्यानं, एकट्यानं!"

तिच्या हातात नव्या हिरव्या बांगड्या होत्या. ती स्टोला पंप मारत होती. थांबली नाही. "व्हय का? आमचे भाऊजी हुशारच हायेत," म्हणाली आणि सगळ्यांना चहा दिला. मला वाटलं, एकट्यात बोलेल. बोलली नाही. पुढंही माझ्यासोबत खेळायची, हसायची, टोमणे मारायची. पण शिंगवाला तिनं पुन्हा कधी घेतला नाही.

आता ते दुकान नाही. तिथं मोबाइलचं दुकान आहे. वहिनीची बोटं सांध्यांत सुजलेली असतात, कणीक मळायला सून लागते. मागच्या दिवाळीत दादाकडं गेलो होतो. त्यांची नात मोबाइलवर मारामारी खेळत होती, हरली की पाय आपटत होती. वहिनी तिच्या खांद्यावरून बघत म्हणाली, "बटणं नको बडवू, त्याचे पाय बघ." मग माझ्याकडं हात करून म्हणाली, "तुझ्या ह्या आजोबाला इचार. आख्ख्या वसमतीत कुणाला न्हाई सापडला असा वार ह्यांनी काढलता."

नात माझ्याकडं वळली. "खरंच आबा?"

दादा बसला होता, माझी बायको होती, सून होती. वहिनी टोमणा मारत नव्हती. मी तिचा चेहरा नीट बघितला. इतकी वर्षं ती तेच सांगत आलीय, कारण मी ते बदललं नाही. लाल पट्टीवर बटण न सोडणारी बाई. आणि मी म्हणालो, "व्हय. लय जुनी गोष्ट हाय."

हे लिहून काही फिटत नाही, हे मला कळतं. त्या नातीसमोर, दादासमोर, वहिनी समोर बसलेली असताना मला दोन वाक्यं म्हणायची आहेत: तो वार तुझ्या आजीनं काढला. आणि त्या दिवशी मशीन बिघडलेलं नव्हतं. ती दोन वाक्यं मी अजून म्हटलेली नाहीत.