चिऱ्यावर फोडलेला नारळ

नारळ फुटला तेव्हा सगळ्यांबरोबर मीही ‘होय म्हाराजा’ म्हणालो, आणि अगदी मनापासून म्हणालो. रत्नागिरीत कुठल्याही कामाला गाऱ्हाणं घालून सुरुवात करतात. एकानं देवाकडं मागायचं, बाकीच्यांनी एका सुरात होकार भरायचा. आमच्या परभणीकडं ही रीत नाही, पण मला ती आवडते.

त्या दिवशी गाऱ्हाणं घालत होते आमचे काका. काका म्हणजे मालक. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत त्यांचं वर्कशॉप आहे. आठवीतून शाळा सोडून मी इकडं आलो तेव्हा लेथ मशीन चालवायला त्यांनीच शिकवलं, राहायला खोली त्यांनीच दिली. बहिणीला इथं डिप्लोमाला घालू का, असं भीत भीत विचारलं तर म्हणाले, “विचारतोस काय? घेऊन ये.” एवढे उपकार अंगावर असले की माणूस घासही जपून खातो.

बहिणीचं हे शेवटचं वर्ष. आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, बजावून ठेवलं होतं: डिप्लोमा संपायच्या आत नोकरीचं काही जमलं तर ठीक, नाहीतर घरी आण, पाहुणे लग्नाचं विचारायलेत. म्हणून ही स्पर्धा. काळ्या रेघेवरून आपोआप धावणारी छोटी गाडी बनवायची. पहिल्या दोन नंबरांना पुण्याच्या एका कंपनीचे साहेब तिथंच मुलाखत घेऊन कामावर घेणार होते. दुसरी वाट आमच्याकडं नव्हती.

स्पर्धा दुसऱ्या एका कॉलेजात होती. काका पाहुण्यांत होते. हॉलमध्ये पांढरा फ्लेक्स अंथरलेला, त्यावर वळणावळणाची काळी रेघ. नारळ गुळगुळीत फरशीवर कसा फोडायचा, म्हणून कुणीतरी बाहेरच्या गडग्यावरचा, म्हणजे दगडी कुंपणावरचा, जांभ्याचा चिरा उचलून आणला आणि सुरुवातीच्या रेघेजवळच ठेवला. काकांनी एका दणक्यात नारळ फोडला. टाळ्या पडल्या. चिऱ्याची लाल माती घेऊन पाणी फ्लेक्सवर पसरलं. शिपायानं फडकं मारलं, तसा तो डाग आणखीच लांबवर सारवला गेला.

क्रम ठरवायला चिठ्ठ्या काढल्या, त्यात बहिणीची पहिली निघाली. गाडी सुटली, डागापाशी आली, आणि तिथंच गरगर फिरत राहिली. वेळ संपल्याची शिट्टी झाली.

“दादा, डागालाच रेघ समजायलीय ती,” बहीण माझ्याजवळ येऊन म्हणाली. “बोल ना काकांना.”

 ज्यांचं खातो त्यांनी फोडलेला नारळ, आणि तक्रार करायची मी? तोवर पुढच्या दोन गाड्याही तिथंच अडकल्या. शेवटी गेलो.

“काका, ते पाणी सांडलंय ना, त्यानं गाड्या अडकायल्यात.”

“अरे, देवाचा पाणी ता! त्याच्यान कोणाचा वाईट होतो काय?”

शेजारचे एक प्राध्यापक हसले. “हरले की सगळ्यांना नारळच दिसतो!”

पाहुण्यांत हशा झाला. काकाही हसत होते. मग त्यांनी मान वळवून फ्लेक्सकडं नीट पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं. उठून तडक परीक्षकांकडं गेले. परत येऊन म्हणाले, “शेवटाला परत संधी देतो म्हणालेत. पोरीला सांग, घाबरू नको.”

आम्ही थांबलो. जेवणानंतर फ्लेक्स बदलला. गाड्यांसाठी नव्हे, फोटोत डाग घाण दिसतो म्हणून. तशाच रेघेच्या त्या नव्या फ्लेक्सवर यजमान कॉलेजची गाडी सुरेख धावली. हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. बहिणीनंसुद्धा टाळ्या वाजवल्या. “वळणावर कशी सावरली बघ,” म्हणाली. तिची स्वतःची गाडी मांडीवर होती.

एवढ्यात माइकवर आवाज आला: प्रमुख पाहुण्यांना गाडी पकडायची आहे, बक्षीस समारंभ आधी उरकून घेऊ. काका स्टेजवर चढले, परीक्षकांच्या कानाशी लागले. परीक्षकांनी घड्याळ दाखवलं. नावं पुकारली गेली, हार पडले, आणि पुण्याचे साहेब जिंकलेल्या पोरांना घेऊन शेजारच्या खोलीत गेले.

बहीण धावत फ्लेक्सपाशी गेली. शिपाई तो गुंडाळत होता.

“अहो थांबा! आमची फेरी राहिलीय.”

“ताई, मला गुंडाळा म्हणून सांगितलाय. फेरीचा परीक्षक सरांना विचारा.”

सर पाहुण्यांना सोडायला गेटवर गेले होते.

परतताना आम्ही काकांच्याच गाडीत होतो. खोलीशी सोडताना ते म्हणाले, “पुढल्या वर्षी...” आणि वाक्य अर्धंच सोडून गाडी बंद केली. पुढलं वर्ष नव्हतंच.

आण्णांचा फोन येणार होता.  काकांना म्हटलं, “तुम्हीच बोला, तुमचं ऐकतील.” काका खोलीत येऊन बसले. माझा फोन वाजला तसा त्यांनी स्पीकरवर टाकला.

“पोरीची काय चूक नाय हो. चूक माझी झाली.”

“मालक, तुमचे लई उपकार आहेत,” आण्णा म्हणाले. “चूक कुणाचीबी असू द्या. काम लागलं का?”

 काकांनी फोन माझ्या हातात दिला.

“येत्या रविवारी घेऊन ये तिला, पाहुणे बघायला यायलेत,” आण्णा म्हणाले.

बहीण भिंतीकडं तोंड करून उभी होती. माझ्या तोंडून निघून गेलं, “सुट्टी नाही मिळायली, आण्णा. महिनाभर तरी.”

सुट्टी मी मागितलीच नव्हती. काकांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि फोनच्या दिशेनं मोठ्यानं म्हणाले, “होय हो! काम लय आहे. सोडता येणार नाय.”

तो महिना आता चालू आहे. कॉलेज सुटलं की बहीण मिरजोळ्यातल्या एकेका कंपनीच्या गेटवर जाऊन उभी राहते. बहुतेक ठिकाणी वॉचमनच्या पुढं जाऊ देत नाहीत. काकांनी ओळखीत शब्द टाकलाय, अजून कुणाचा निरोप नाही. लेथवर असताना फोन वाजला की आधी मशीन बंद करतो, मगच फोन बघतो. आज दुपारी आण्णांचा होता. मी उचलला नाही.